यीचांगचं अर्धं पाकीट

"राणीचं डोकं सरळ आहे का?" नानांनी विचारलं.

"सरळ आहे."

"आणि शिक्का?"

"हनुवटीवरून मानेवर गेलाय. शांघाय वाचता येतंय. महिना नाही लागत."

"तिरकं धर. उजेड कडेनं येऊ दे."

मी पाकीट तिरकं धरलं. मांडीवर रेवा होती. तिचे दात येत होते, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट तिला चावून बघायची होती. पाकीट तिच्यापासून लांब ठेवायचं, नानांच्या डोळ्यांच्या कडेला न्यायचं आणि वर स्वतः वाचायचं, एवढं सगळं मी दोन हातांत करत होते. आत कुकर होत आला होता.

"मार्च," मी म्हणाले.

"मार्च की मे?"

"नाना, मला झोप येतेय. मार्चच असेल."

ते हसले. "झोपेत वाचलेला शिक्का पानावर चढवायचा नाही. ठेव. उद्या बघू."

रेवा आता शाळेतून एकटी घरी येते आणि किल्ली कुठं ठेवलीय ते मलाच सांगते. तेव्हा ती आठ महिन्यांची होती. सारंग चाकणच्या कारखान्यात, शनिवारी यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत जायचा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. वाईच्या त्या घरात आठवडाभर आम्ही तिघंच असायचो. रेवाला बोलता येत नव्हतं, नानांना दिसत नव्हतं आणि मला झोप नव्हती.

नानांना अगदीच दिसत नव्हतं असं नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार, मधला भाग जात चालला होता. समोर बघितलं की मधोमध राखाडी ढग, कडांना मात्र उजेड. म्हणून काही बघायचं तर ते मान वळवून बाजूनं बघायचे. "कोंबडी दाणा बघते तसं," असं स्वतःच म्हणायचे. भूमापन खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. डोंगराच्या पलीकडची खूण त्यांना दुर्बिणीशिवाय दिसायची म्हणे. आता ताटातली चटणी कुठल्या बाजूला आहे ते मी सांगायचे.

इतरांचे सासरे निवृत्त झाल्यावर देवळात जातात, बागेत जातात. माझे चीनला जायचे. जुनी, शंभरेक वर्षांपूर्वीची पाकिटं जमवायचा त्यांना नाद होता, आणि तीही साधी नाहीत, एकाच पाकिटावर दोन देशांची तिकिटं असलेली. मी नवी नवरी असताना त्यांनी मला ते समजावून सांगितलं होतं.

"चीन तेव्हा जगाच्या टपालाच्या पंगतीत बसलेला नव्हता," ते म्हणाले होते. "त्याचं तिकीट त्याच्या मुलखात चालायचं, बंदरापर्यंत. ही बंदरं म्हणजे लढाया हरल्यावर तहात परक्यांना उघडून द्यावी लागलेली. तिथं इंग्रजांचं पोस्ट वेगळं, फ्रेंचांचं वेगळं, जपान्यांचं वेगळं. आतल्या गावातून हिंदुस्थानात पत्र पाठवायचं तर पहिल्यांदा चीनचं तिकीट, बंदरापर्यंतचं. आणि पुढं समुद्र ओलांडायला हाँगकाँगचं, त्याच पाकिटावर. दोघांचे शिक्के वेगळे. याचा शिक्का त्याच्या तिकिटावर चालायचा नाही."

"म्हणजे सासर-माहेर दोन्हीकडचा आहेर," मी म्हणाले होते.

त्यांना ते इतकं आवडलं की पुढं घरी येईल त्याला ते ऐकवायचे.

रेवाच्या आधी मी त्यांच्या संग्रहाची पानं, पाकिटाखालची माहिती, लिहून द्यायला लागले, माझं अक्षर बरं म्हणून. रेवा झाल्यावर त्यांचे डोळे गेले आणि मी नुसतं लिहायलाच नाही, बघायलाही लागले. कुठल्या तिकिटाच्या कडेचा दात तुटलाय, कुठल्या शिक्क्याची शाई फिकी आहे, घडी कुठून पडलीय. मी सांगायचे, ते मान हलवायचे. मी 'बरं आहे' म्हटलं की ते पाकीट बरं असायचं.

त्या संग्रहातलं सगळ्यांत जुनं पान अर्धं होतं. पाकिटाची नुसती समोरची बाजू. हाँगकाँगची राणीवाली दोन तिकिटं, शांघायचा शिक्का, आणि जांभळट शाईत पाचगणीच्या कुणा मिशनरी बाईंचा पत्ता. नाना पाकिटाच्या पानाला मागून खिडकी कापायचे, उलटी बाजूही दिसावी म्हणून. या पानाला खिडकी होती, आणि तिच्यातून दिसायची ती पाकिटाच्या कागदाची आतली कोरी बाजू.

"याची पाठ कुठंय?" मी एकदा विचारलं.

"साताऱ्याला. पद्माकर तावरेकडं."

"पाकिटाचं पोट वाईला आणि पाठ साताऱ्याला?"

"मी कापलं ते."

मला वाटलं चेष्टा करतायत.

"आम्ही कॉलेजात होतो," ते म्हणाले. "पाचगणीच्या एका बंगल्यातल्या मिशनरी बायका परत मायदेशी निघाल्या होत्या. मागच्या अंगणात कागद जाळत होत्या. आम्ही सायकली टाकल्या आणि हात जोडले. त्यांनी एक खोकं दिलं. त्यांच्यातल्या एकीची बहीण चीनमध्ये होती, यीचांगला. तिचं हे पाकीट. समोर राणी, मागं चीनच्या तिकिटांवर ड्रॅगन. मी इंग्रजांच्या वसाहती जमवायचो, पद्माकर चीन जमवायचा. तेव्हा सगळेच असं देशादेशानं जमवायचे."

"म्हणून?"

"म्हणून भांडण नको. मी स्टीलची पट्टी घेतली, ब्लेड घेतलं, आणि चारी कडा अशा कापल्या की बघत राहावं. राणी मला, ड्रॅगन त्याला. दोघंही खूश. चोख न्याय झाला होता."

पुढं बऱ्याच वर्षांनी, एका परदेशी कॅटलॉगात त्यांनी तसलंच पाकीट अख्खं बघितलं. सुट्या राण्या जगात ढिगानं, सुटे ड्रॅगनही ढिगानं. पण यीचांगसारख्या नदीकाठच्या आतल्या बंदरातून निघालेलं, दोघं अंगावर घेऊन आलेलं पाकीट मिळायला नशीब लागतं. नाना त्याच दिवशी साताऱ्याला गेले.

"मी म्हटलं, तुझं मला दे नाहीतर माझं तू घे. कुणाच्या का होईना, एका पानावर येऊ दे. खाली लिहू, कापलेलं होतं, परत एकत्र आणलं. यात लाज नाही. तर तो म्हणाला, नाही. का? तर नाही. मी म्हटलं, पद्म्या, तुझ्या मनात खोट आहे. म्हणाला, असू दे."

"मग?"

"मग काय. सारंगच्या लग्नाची पत्रिका पाठवली होती. आला नाही."

दिवाळी झाली आणि आम्ही पुण्याच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर म्हणाले, आता कडाही जातील. कधी, ते त्यांना सांगता येईना. घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच नाना म्हणाले, "ऋजुता, साताऱ्याला जाशील?"

मी रेवाला कपडे बदलत होते. ती पालथी होऊन पळायला बघत होती.

"त्याला सांग, मला पाकीट नको. आठ दिवसांसाठी दे म्हणावं. एकदा अख्खं बघतो, परत करतो."

"फोन करा ना."

"फोनवर नाही म्हणेल तो. तुझ्या कडेवर पोर बघून कदाचित 'नाही' म्हणणार नाही."

"म्हणजे मला पोर घेऊन मागायला पाठवताय."

"हो," ते म्हणाले.

त्यांनी जरा आडवळण घेतलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. त्या आठवड्यात रेवाला ताप होता, पोट बिघडलं होतं, आणि माझी पाठ अशी धरली होती की वाकलं की उठताना भिंत लागायची. मला कुठल्याच देशाचं, कुठलंच तिकीट बघायचं नव्हतं. पण 'हो' म्हणून ते तसेच उभे राहिले, एक पाय चपलेत.

दोन दिवसांनी मी सकाळची एस्टी धरली. पिशवीत लंगोट, पेज, पाण्याची बाटली, आणि पुठ्ठ्यात घातलेलं ते अर्धं पान. "जुळवून बघ," नानांनी बजावलं होतं. "माझी कड त्याच्या कडेला बसली पाहिजे. केसाएवढी फट दिसता कामा नये."

तावऱ्यांचा फोटो स्टुडिओ खणांच्या दुकानाशेजारी होता. काचेत जुनी रंगवलेली लग्नाची जोडपी, उन्हानं निळी पडलेली. आत एक उंच, किडकिडीत गृहस्थ पेपर वाचत बसले होते. केस काळेभोर, मिशी पांढरी. कलप मिशीपर्यंत पोचला नव्हता.

"शेंड्यांची सून का तुम्ही?" त्यांनीच विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"पिशवीतनं पुठ्ठा डोकावतोय. असला पुठ्ठा जपून आणणारं वाईत एकच घर. बसा. पोरीला द्या इकडं, खांदा मोडला असेल तुमचा."

असं कुणी बऱ्याच दिवसांत म्हटलं नव्हतं. मी रेवाला त्यांच्याकडं दिलं. ती त्यांच्या मिशीकडं बघत राहिली. त्यांची बायको लेकीकडं गेली होती. त्यांनीच आत जाऊन चहा टाकला, रेवा कडेवर, आणि मी त्या मोडक्या सोफ्यावर डोळे मिटून बसले. चहा आला तेव्हा दचकले.

"झोपा की जरा," ते म्हणाले. "गिऱ्हाईक कुणी येत नाही. मोबाइलवर आता सगळेच सुंदर दिसतात."

मी त्यांना नानांच्या डोळ्यांचं सांगितलं. ते कप हातात धरून ऐकत होते.

"कडेनं दिसतं म्हणता?"

"अजून दिसतं. पुढचं माहीत नाही."

"बारीक काही?"

"बारीक नाही दिसत. रंग कळतात, आकार कळतो."

"शिक्क्यातली अक्षरं?"

"ती मी वाचून दाखवते."

"हं," ते म्हणाले. मग कप खाली ठेवला. "विसूनं काय सांगितलंय?"

"आठ दिवसांसाठी द्या म्हणालेत. अख्खं बघतो आणि परत करतो म्हणालेत."

ते उठले, रेवाला माझ्याकडं दिलं आणि आत गेले. परत आले तेव्हा हातात एक फोल्डर होता, फोटो घालून देतात तसला. तो त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"न्या," ते म्हणाले. "आठ दिवस कशाला. कायमचं न्या."

मी फोल्डर उघडला. जुना, चहाच्या रंगाचा कागद. मधोमध दोन हिरवे ड्रॅगन, शेजारी शेजारी, आणि त्यांच्यावरून गेलेला गोल शिक्का, त्यात यीचांगची इंग्रजी अक्षरं. मी नानांचं पान बाहेर काढलं आणि कड कडेला लावली. केसाएवढीही फट नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं, आता मी घरी जाऊन हे त्यांच्या हातात देणार, ते बघणार, आणि मग मला झोपता येईल.

तेवढ्यात रेवानं झेप घेतली. तिचा हात मघापासून तोंडात होता, लाळेनं चिंब. तो तिनं थाडकन शिक्क्यावर आपटला.

"अगं, अगं," म्हणून मी तिला मागं ओढलं. "काका, माफ करा. बघते मी, काही झालं नसेल."

कागद फाटला नव्हता. तिकिटं जागच्या जागी होती. पण शिक्क्याचं अर्धं वर्तुळ विरघळलं होतं, त्याला करडं शेपूट फुटलं होतं. रेवाच्या तळव्यावर काळं लागलं होतं.

मी बघत राहिले. गेल्या काही महिन्यांत मी एवढे शिक्के बघितले होते की स्वप्नातही तेच यायचे. एकदा माझ्या हातून त्यांच्यातल्या एकावर चहा सांडला होता. मी रडकुंडीला आले तेव्हा नाना म्हणाले होते, टिपून घे, शिक्क्याची शाई तेलाची असते, पाण्याला दाद देत नाही.

"काका," मी म्हणाले, "शिक्का पाण्यानं जात नाही ना?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला, रेवाचा हात धरला, आणि एकेक बोट पुसायला लागले. नीट, नखांच्या कडेनं.

"तोंडात जाऊ देऊ नका तिच्या," ते म्हणाले. "रिटचिंगचा, फोटोवरचे डाग बुजवायचा रंग आहे."

मग समोर बसले.

"विसूनं कापलं त्याच आठवड्यात मी ड्रॅगन धुतले. तेव्हा सगळेच धुवायचे. पाकिटावरचं तिकीट म्हणजे अंगात मळका सदरा घातलेलं पोर, ते काढायचं, धुवायचं, स्वच्छ करून वहीत बसवायचं. वडिलांच्या स्टुडिओतला ट्रे घेतला, पाणी घातलं. तिकिटं वर आली, कागद खाली राहिला. कागद मी बंबात घातला. विसू पुढं विचारायला आला तेव्हा माझ्याकडं होती ती दोन सुटी तिकिटं. शिक्का तिकिटांवर जेवढा बसलेला तेवढाच. बाकीचा धुरातनं गेला."

"तेच सांगायचं होतं त्यांना."

"विसू कॅटलॉग उघडून बसला होता हो. डोळे असे झाले होते. त्या तोंडाकडं बघून मला नाही सांगता आलं. 'नाही' म्हटलं. मग तो खोट म्हणाला. मला वाटलं, चला, खोट तर खोट. निदान बावळट तरी ठरलो नाही."

"आणि हे?"

"हे बारा-पंधरा वर्षांपूर्वीचं. त्याच बाईंच्या खोक्यातला एक कोरा कागद होता माझ्याकडं, त्याच जातीचा, त्याच रंगाचा. आठवणीतल्या मापानं पट्टी लावून कापला. तिकिटं चिकटवली. बाकीचा शिक्का ब्रशनं रंगवला. निम्म्या साताऱ्याच्या पोरींचे देवीचे व्रण याच ब्रशनं बुजवलेत मी, शिक्का म्हणजे काय." त्यांनी रुमालाची घडी घातली. "पण नेऊन द्यायचं धाडस झालं नाही. विसूची नजर तेव्हा शाबूत होती. त्यानं एका फटक्यात ओळखलं असतं."

"आता नाही ओळखणार."

"आता नाही ओळखणार," ते म्हणाले.

रेवा कुरकुरायला लागली होती. मी तिला पाजायला घेतलं. ते पाठ करून काचेतल्या जोडप्यांकडं बघत उभे राहिले.

"सूनबाई, मला एक तास द्या," ते पाठमोरेच म्हणाले. "पुसलेलं परत काढतो. घेऊन जा. तो कडेनं बघेल, त्याला दोन हिरवे ड्रॅगन दिसतील, कड कडेला बसेल. त्याला सुख होईल. मलाही होईल. आणखी काय राहिलंय आमचं."

खोटं कशाला सांगू, मला ते पटत होतं. मला घरी जाऊन निजायचं होतं. नाना खूश झाले असते, घर शांत झालं असतं.

"ते मला विचारणार, शिक्का कसा आहे," मी म्हणाले.

"सांगा, चांगला आहे."

"आणि उद्या दुसऱ्या पाकिटाचं विचारलं तर?"

"त्याचं जे असेल ते सांगा."

"त्यांना कसं कळणार, कुठलं खरं सांगतेय ते? ते आता माझ्याच डोळ्यांनी बघतात, काका. तेवढंच राहिलंय त्यांच्याकडं."

ते काचेवरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"आणि ते पाकीट इथंच थांबणार नाही," मी म्हणाले. "त्यांच्यामागं कुणाच्या तरी हातात जाईल. खाली माझ्या अक्षरात लिहिलेलं असेल."

"मग जाऊन सांगा त्याला. पद्म्यानं तिकिटं धुतली, कागद जाळला, आणि वर नकली बनवलं."

"मी नाही सांगणार. मला तुमचे निरोप नेऊन-आणून कंटाळा आलाय. मला पोरीला ताप आहे की नाही ते बघायचं असतं, दूध नासलं की नाही ते बघायचं असतं. तुम्ही चला."

"कुठं?"

"वाईला. आत्ता. पाऊण तासानं एस्टी आहे."

त्यांनी फोल्डर काखेत मारला, आत जाऊन गॅस बघून आले, कुलूप लावलं. कुलूप ओढून बघितलं, दोन पावलं गेले आणि परत येऊन पुन्हा ओढून बघितलं.

एस्टीत त्यांनी रेवाला घेतलं. साताऱ्याबाहेर पडल्यावर मी खिडकीला डोकं टेकलं, आणि जागी झाले तेव्हा पाचवड गेलं होतं. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. रेवा त्यांच्या छातीशी झोपलेली, त्यांचा हात तिच्या पाठीवर अवघडून तसाच.

"दोनदा वाटलं, उतरावं," ते हळूच म्हणाले. "पण तुम्ही दोघी झोपलेल्या."

नाना ओटीवर खुर्चीत बसले होते. फाटकाचा आवाज आला तशी मान वळवली.

"ऋजुता? बरोबर कोण आहे?"

"मी आहे, विसू."

नानांनी मान आणखी वळवली.

"आवाज म्हातारा झाला तुझा," ते म्हणाले.

"तुझा काय पोरसवदा राहिलाय का."

"आणलंस?"

"आणलंय."

"दे."

तावरेकाकांनी फोल्डर उघडला आणि तो कागद त्यांच्या हातात ठेवला. नानांनी आधी कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग मान वळवून कागद डोळ्याच्या कडेला नेला.

"दिसतंय," ते म्हणाले. "दोन हिरवे. दिसतायत मला." त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. मला वाटलं, हा असाच राहावा. "ऋजुता, शिक्का कसा आहे गं?"

तावरेकाका माझ्याकडं बघत होते. मी रेवाला खांद्यावर घेतलं.

"काका सांगतील," मी म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. उभ्यानंच, मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. नाना कागद हातात धरून ऐकत होते, मान अजून वळवलेलीच.

"कशात धुतलीस?" त्यांनी विचारलं.

"डेव्हलपिंगच्या ट्रेत."

"आणि कागद बंबात."

"बंबात."

"सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मूर्ख म्हटलं असतं."

"तेच नको होतं."

"त्यापेक्षा खोट बरी."

"तेव्हा वाटली बरी."

नाना बराच वेळ कागदावर अंगठा घासत राहिले. मग म्हणाले, "ऋजुता, परातीत पाणी आण. कोमट."

मी परात आणून त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली. नानांनी कागद तावरेकाकांकडं दिला. "आपण गेल्यावर हे कुणाला फसवायला नको. तूच सोड. माझा नेम चुकेल."

काकांनी कागद पाण्यात सोडला. खुर्ची ओढून परातीशी बसले.

"काय होतंय?" नानांनी विचारलं.

"शिक्का चाललाय. पाणी करडं झालं."

"सगळा गेला?"

"तिकिटांवर थोडा राहिला. तेवढाच खरा होता."

"मग?"

"थांब. डिंक धरून आहे अजून. मी लावलेला आहे, घट्ट असणार. हं. डावं सुटलं." त्यांनी बोटाच्या पेरावर तिकीट उचललं. "उजवंही आलं."

नाना खुर्चीत मागं टेकले. त्यांचा हात मांडीवर उताणा पडला होता, रिकामा.

"अख्खं बघायचं होतं रे एकदा," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. फार दमलेला आवाज होता.

"बघितलंयस की."

"कधी?"

"तू ब्लेड लावायच्या आधी. पाचगणीच्या त्या वळणावर, सायकली आडव्या टाकून. तू आणि मी. अख्खं बघितलेलं आता आपल्याशिवाय कुणी नाही."

"मी समोरून बघितलं. राणी बघत बसलो होतो. पाठ तूच धरली होतीस तुझ्याकडं."

"मग सांगतो मी पाठ."

रेवा मान टाकायला लागली होती. मी तिला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि तिच्या शेजारी आडवी झाले. दार लोटलेलं होतं. बाहेरचं ऐकू येत होतं.

"झाकण त्रिकोणी होतं. त्याच्यावर लाख."

"लाख नव्हती."

"होती. लाल. फुटलेली. तू राणी बघत होतास."

"बरं, होती. पुढं."

"पुढं कोपऱ्यात त्या बाईनं बारीक काहीतरी लिहिलेलं. पेन्सिलीनं. पुसट."

"काय?"

"ते नाही आठवत. बाईचं अक्षर उजवीकडं झुकलेलं, एवढं आठवतं."

"समोर मात्र ताठ आहे तिचं अक्षर."

"समोर पत्ता होता ना. लोकांना दिसायचा. मागं कुणासाठी ताठ लिहायचं."

नाना हसल्यासारखं मला वाटलं. परात सरकल्याचा आवाज झाला.

"आणि शिक्का?" त्यांनी विचारलं. "नीट आठवून सांग. घाई करू नको."

"घाई कुणाला आहे," तावरेकाका म्हणाले.

रेवाचा श्वास माझ्या गळ्याशी येत होता. शिक्का ड्रॅगनच्या डोक्यावरून सुरू झाला होता, इथपर्यंत मी ऐकलं. पुढचं त्या दोघांनाच माहीत. मला झोप लागली होती.